इंजेक्शनवाल्या होमबिल्ट विमानाचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप: विकत घेण्याआधी काय काय मोजायचं

कॅटलॉग उघडला की फ्युएल पंपाखाली एकच आकडा ठळक छापलेला दिसतो: तासाला २५५ लिटर. पहिल्यांदा विमान बांधणारा तो वाचतो, आपल्या इंजिनाची भूक आठवतो आणि 'चौपट आहे, मग काळजी कसली' म्हणत ऑर्डर देऊन मोकळा होतो. तो आकडा खोटा नसतो. पण तो किती दाबाला, किती व्होल्टला आणि पंपाच्या तोंडाशी इंधन कसं पोचत असताना मोजला, हे त्याच्या शेजारी लिहिलेलं नसतं. विमानाचं सगळं घोडं नेमकं तिथेच अडतं.

म्हणून 'कुठला पंप घेऊ?' हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. इंजिनाला काय हवं, नळ्यांत काय घडतं आणि वीज कुठून येते हे कागदावर आलं की बाजारातले बहुतेक पंप आपोआप बाद होतात. उरलेल्या दोन-तीनांपैकी कुठलाही घेतला तरी चालतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तुमच्या इंजिनाच्या किंवा इंजेक्शन किटच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये इथल्यापेक्षा वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचा आकडा खरा.

पायरी १: आपलं इंजेक्शन कोणत्या जातीचं?

'फ्युएल इंजेक्टेड' या एकाच नावाखाली तीन वेगळी कुटुंबं राहतात.

पहिलं कुटुंब बेंडिक्स पद्धतीच्या सर्व्होचं, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या मापाने इंधन सोडणाऱ्या यांत्रिक उपकरणाचं. लायकमिंग आयओ-३६० सारख्या इंजिनांवर तो असतो. इथे खरं काम इंजिनावरचा यांत्रिक पंप करतो. इलेक्ट्रिक पंप प्राइमिंगला (सुरू करण्याआधी इंजिनाला इंधन पाजायला), टेकऑफ-लँडिंगला आणि यांत्रिक पंप दगा देईल त्या दिवसासाठी. सर्व्होच्या तोंडाशी साधारण १४ ते ४५ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाब चालतो, म्हणजे बऱ्यापैकी सैल मर्यादा आहे. मात्र एक अट अशी, की इलेक्ट्रिक पंप बंद असताना यांत्रिक पंपाला त्याच्यातून इंधन ओढता आलं पाहिजे. त्यामुळे पंपात किंवा पंपाला वळसा घालून बायपास हवाच.

दुसरं कुटुंब कॉन्टिनेंटलचं. तिथे इंजिनाच्या पंपाचा दाब आरपीएमबरोबर बदलतो आणि मिश्रणाचं गणित त्या दाबावरच उभं असतं. बाहेरून जोरकस इलेक्ट्रिक पंप चालू ठेवला तर मिश्रण इतकं रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) होतं की चालतं इंजिन बुडून बंद पडू शकतं. या इंजिनाला स्वतःच्या डोक्याने पंप शोधू नका. निर्मात्याने सांगितलेली मांडणी जशीच्या तशी घ्या. या लेखात मी त्याच्याकडे पुन्हा वळणार नाही.

तिसरं कुटुंब इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं: ईसीयू (इंजिनाचा संगणक), इंजेक्टर, त्यांना इंधन पुरवणारी नळी म्हणजे फ्युएल रेल, आणि तिच्यातला दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. रोटॅक्स ९१२ आयएस यातलंच, आणि मोटारीचं इंजिन विमानात बसवणारेही बहुतेक इथेच येतात. रेलमध्ये साधारण ३ बार, म्हणजे ४३-४४ पीएसआय दाब सतत लागतो. यांत्रिक पंप बहुधा नसतोच. विजेचा पंप थांबला की पंखा (प्रोपेलर) थांबला. रोटॅक्सने या इंजिनाला मुळातच दोन इलेक्ट्रिक पंप ठेवले आहेत ते त्यामुळे.

कार्ब्युरेटरच्या विमानांत टिकटिक आवाज करणारा छोटा चौकोनी सोलेनॉइड पंप तुम्ही पाहिला असेल. तो पाचेक पीएसआय देतो. स्वस्त आहे, वजनाला हलका आहे, वर्षानुवर्षं टिकतो, आणि इंजेक्शनला कुचकामी आहे. कुणी भेट दिला तरी घेऊ नका.

पायरी २: इंजिनाची भूक काढा

पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर आणि रिच मिश्रणावर चालताना दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पाउंड, म्हणजे ०.२२७ किलो इंधन खातं. १८० अश्वशक्तीचं इंजिन घेऊ. १८० गुणिले ०.२२७ म्हणजे जवळपास ४१ किलो. पेट्रोलची घनता लिटरला ०.७२ किलो धरली तर तासाला ५७ लिटर. क्रूझमध्ये याच्या निम्म्या-पाऊणपटीत भागतं, पण पंप क्रूझसाठी निवडायचा नसतो. धावपट्टीच्या टोकावरून वर उठताना इंजिन जे मागेल ते आपलं माप.

आता त्यावर राखीव. प्रमाणित विमानांसाठी अमेरिकेच्या जुन्या भाग २३ नियमांत पंपाच्या यंत्रणेला टेकऑफच्या गरजेच्या १२५ टक्के आणि गुरुत्वावर चालणाऱ्या यंत्रणेला १५० टक्के प्रवाह मागितला होता. होमबिल्टवर हा नियम बंधनकारक नसला तरी पट्टी म्हणून उत्तम आहे. आपल्या उदाहरणात ५७ चे ७१ लिटर होतात. यंत्रणा नीट असेल तर एवढा प्रवाह पुरे.

मग २५५ लिटरवाला घेतला तर काय बिघडतं? इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये इंजिनाला नको असलेलं इंधन रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. म्हणजे शेकडो लिटर इंधन विनाकारण फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत थोडं तापतं. हिशेब करून बघा: पंप १३.८ व्होल्टला ६ अँपिअर घेत असेल तर ८३ वॉट झाले, आणि ती बहुतेक सगळी ऊर्जा शेवटी उष्णता म्हणून इंधनातच मुरते. टाकीत २० लिटर उरलं असेल तर फक्त पंपामुळे, पंखाच्या पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता सोडली तर, तासाला १० अंशांपर्यंत वाढ होऊ शकते. इंजिनाजवळच्या रेलमधून उचललेली उष्णता वेगळीच. इंधन गरम होणं का महागात पडतं ते चौथ्या पायरीत येईल. मोठा पंप वीजही जास्त खातो, आणि अल्टरनेटर गेल्यावर त्या विजेचा एकेक अँपिअर मोजावा लागतो.

पायरी ३: पंपाचा आलेख वाचा

चांगला निर्माता प्रत्येक पंपाचा दाब आणि प्रवाहाचा आलेख देतो. जो देत नाही, त्याचा पंप विमानात नको. इतकं कडक का, तर आलेखाशिवाय पंप निवडणं म्हणजे मापं न घेता कपडा फाडणं.

आलेखावर तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, तुमच्या कामाच्या दाबाला प्रवाह किती. ठळक छापलेला आकडा बहुधा नळी मोकळी सोडून किंवा नगण्य दाबाला काढलेला असतो. ३ बार चढवले की तो खाली येतो. रेलपर्यंतच्या फिल्टरमध्ये आणि नळीत थोडा दाब खर्च होतो, तेव्हा ३ ऐवजी साडेतीन बारचा बिंदू वाचा.

दुसरी, व्होल्टेज. अल्टरनेटर चालू असताना बसवर (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) १३.८ ते १४ व्होल्ट असतात, आणि छापलेला आकडा बहुधा त्याच्याच आसपासचा असतो. अल्टरनेटर मेला की बॅटरी १२ वर येते आणि उतरत उतरत ११ कडे जाते. त्यातून वायर, स्विच आणि जोडांत अर्धा व्होल्ट हरवतो. मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर उतरतो आणि प्रवाह त्याहूनही जास्त उतरतो. कारण दाबाखालच्या पंपात थोडं इंधन कायम आतल्या आत मागे झिरपत असतं. ते झिरपणं दाबावर ठरतं, वेगावर नाही. वेग घटला तरी गळती तेवढीच राहते आणि उरलेल्यातून वजा होते. म्हणून मी ११ व्होल्टची रेघ शोधतो. त्या रेघेवर साडेतीन बारला आपले ७१ लिटर मिळत असतील तर पंप पास.

तिसरी, आतल्या रिलीफ व्हॉल्व्हचा दाब. तो कामाच्या दाबापेक्षा स्पष्टपणे वर हवा, नाहीतर पंप आतल्या आतच गोल फिरत बसेल. पहिल्या कुटुंबातल्यांनी मात्र उलटी बाजूही पाहावी: इलेक्ट्रिक पंपाचा ठरवलेला दाब सर्व्होच्या ४५ पीएसआयच्या वर जाता कामा नये. मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पंप सरळ उचलून सर्व्होला जोडणारे इथेच फसतात.

पंपाच्या आतल्या रचनेबद्दल थोडक्यात. रोलर किंवा जेरोटर जातीचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप पुढे ढकलतो. दाबाला पक्का, बाहेरून नळीत बसवायला सोयीचा, पण आवाज करतो आणि कचऱ्याला व कोरड्या चालण्याला घाबरतो. इंधन हेच त्याचं वंगण असतं. टर्बाइन जातीचा पंप शांत आणि टिकाऊ, पण ओढण्यात कच्चा. तो इंधनात बुडालेलाच हवा. मोटारींच्या टाकीत तोच असतो. टाकीबाहेर, वरच्या पातळीवर बसवला तर तो टर्बाइन पंप हवेत हात मारत राहील.

पायरी ४: ओढण्याची बाजू

मला एवढ्या सगळ्यातली एकच पायरी ठेवायला सांगितली तर मी ही ठेवेन. पंप ढकलायला भीमासारखा असतो, ओढायला मात्र अगदी नाजूक. पंपाच्या पुढे तो ३ बार उभे करू शकतो. मागून इंधन ओढताना मात्र त्याच्याकडे वातावरणाचा दाब एवढंच भांडवल असतं, आणि उंचीवर तेही आटतं.

पेट्रोल उकळायला चूल लागत नाही, दाब उतरला तरी ते उकळतं. किती उतरला की उकळेल, हे त्याच्या बाष्पदाबावर ठरतं. ३८ अंश सेल्सियसला मोजलेला हा दाब विमानाच्या पेट्रोलसाठी, म्हणजे १००एलएल अ‍ॅव्हगॅससाठी ३८ ते ४९ किलोपास्कलच्या पट्ट्यात ठेवलेला असतो. मोटारीच्या पेट्रोलचा तो बहुधा जास्त असतो आणि थंडीच्या मोसमासाठी बनवलेल्याचा आणखी जास्त. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १०१ किलोपास्कल, ३,००० मीटरवर तो ७० च.

आता ढोबळ जमाखर्च मांडू. टाकीतलं इंधन ३८ अंशांना, विमान ३,००० मीटरवर. जमा ७०. अ‍ॅव्हगॅसचा बाष्पदाब ४५ धरला तर हातात २५ उरतात. पंप टाकीतल्या इंधनाच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर वर असेल तर उचलण्यातच साडेतीन गेले. नळी, सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह), काटकोनी फिटिंग, फिल्टर यांनी आपापला वाटा घेतला तरी गाडी चालते. तोच हिशेब ६२ बाष्पदाबाच्या मोटार पेट्रोलवर करा. हातात फक्त ८. उचलण्यात साडेतीन गेले, राहिले साडेचार. एक जरा तुंबलेला फिल्टर ते खाऊन टाकतो, आणि पंपाच्या तोंडाशी बुडबुडे सुरू होतात. पंप वाफ ढकलू शकत नाही. गेजवरचा काटा थरथरतो, पंपाची किंचाळी वाढते, इंजिन अडखळतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. हिवाळ्यातलं उरलेलं पेट्रोल वसंतातल्या पहिल्या गरम दुपारी टाकीत असेल तर हे सगळं जमिनीवरच, टॅक्सी करतानासुद्धा होऊ शकतं.

यातून बसवण्याचे नियम आपोआप निघतात. पंप टाकीच्या जितका जवळ आणि जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा. हाय-विंग विमानात इंधन वरून उतरतं, म्हणून तिथे केबिनच्या तळाशी पंप ठेवला की निम्मी चिंता मिटली. लो-विंग विमानात टाकी आणि केबिनचा तळ जवळपास एकाच पातळीवर असतात, तिथे पंप सीटांच्या मधल्या बोगद्यात किंवा पंखाच्या मुळाशी बसवतात. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीच्या) इंजिनाकडच्या अंगाला ओढणारा पंप बसवू नका. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या आत इंजिन बंद केल्यावर वीसेक मिनिटं उष्णता चढतच राहते, आणि तिथल्या पंपाच्या पोटात पुढच्या स्टार्टला वाफच भरलेली असते.

ओढण्याच्या बाजूची नळी ढकलण्याच्या बाजूपेक्षा एक माप मोठी ठेवायला हरकत नाही. ढकलण्याला ३/८ इंच पुरत असेल तर ओढण्याला १/२ इंच. काटकोनी फिटिंगऐवजी नळीलाच मोठ्या त्रिज्येचा बाक द्या. आणि जोड कमी करा. ढकलण्याच्या बाजूला सैल जोड गळून स्वतःची चुगली करतो. ओढण्याच्या बाजूचा सैल जोड गळत नाही, हवा आत घेतो, आणि तुम्ही आठवडाभर पंपाला शिव्या घालत बसता.

लो-विंगमध्ये 'दोन्ही टाक्या एकदम' असा सिलेक्टर नको. एक टाकी संपली की पंपाला जड इंधनापेक्षा हलकी हवा ओढणं सोपं जातं, आणि दुसऱ्या टाकीत भरपूर असूनही इंजिन उपाशी मरतं.

पायरी ५: गाळायचं कुठे?

पंपाआधी जाड फिल्टर, पंपानंतर बारीक. आधीच्याचं काम पंपाला खडे, पत्र्याचे कीस, सीलंटचे तुकडे यांपासून वाचवणं. शंभर मायक्रॉनच्या आसपासची धातूची जाळी आणि तिचं क्षेत्रफळ शक्य तेवढं मोठं. इंजेक्टरला वाचवणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर पंपाच्या पुढे, जिथे दाब मुबलक आहे.

हे मी स्वतः उलटं करून शिकलो. जास्त काळजी घेतोय अशा समजुतीत बारीक फिल्टर पंपाआधी लावला. सकाळी सगळं झकास. दुपारच्या उन्हात पंप पिसाटल्यासारखा ओरडायला लागला. दोन दिवस वायरिंग तपासण्यात घालवले. शेवटी फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि पंप मांजरासारखा गुरगुरायला लागला. अति तेथे माती, तीही फिल्टरमध्ये अडकलेली.

पहिल्या पाच-दहा तासांत दोन्ही फिल्टर पुन्हा पुन्हा उघडून पाहा. टाकी कितीही धुतली असली तरी काही ना काही निघतंच.

पायरी ६: एक पंप की दोन?

यांत्रिक पंप असेल तर एक इलेक्ट्रिक पुरतो, कारण जोडी आधीच पूर्ण आहे. फक्त इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असेल तर दोन, आणि यात घासाघीस नाही.

दोन पंप शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडले तर प्रत्येकाच्या पुढे चेक व्हॉल्व्ह हवा. नाहीतर चालू पंपाचं इंधन बंद पंपातून मागे फिरून येईल आणि रेलला काहीच मिळणार नाही. पंपात आतला चेक व्हॉल्व्ह असेल तर तो खरंच आहे का हे फुंकून तपासा. एकामागे एक जोडले तर बंद पंप वाटेत बूच होऊन बसतो, म्हणून तिथे प्रत्येकाला बायपास लागतो. मला समांतर मांडणी आवडते, कारण एक पंप पूर्ण जाम झाला तरी दुसऱ्याची वाट मोकळी राहते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टेकऑफला दोन्ही पंप चालू ठेवायचे असतील तर रिटर्नच्या नळीतून दुप्पट इंधन परत जायला हवं. ती नळी बारीक असेल तर रेग्युलेटर हतबल होतो, रेलचा दाब चढतो आणि मिश्रण रिच होतं. म्हणून दोन्ही पंप चालू करून इंजिन आयडलवर ठेवा आणि दाब पाहा. एका पंपाच्या तुलनेत काटा हलला तर रिटर्नची नळी वाढवा.

दोन पंप घेऊनही दोघांना एकच फिल्टर, एकच फ्यूज, एकच अर्थचा बोल्ट दिला तर तो एक पंपच समजायचा. एका मोठ्या कागदावर टाकीपासून रेलपर्यंत आणि बॅटरीपासून पंपापर्यंत दोन्ही वाटा काढा आणि जिथे दोन रेघा एक होतात तिथे लाल वर्तुळ करा. टाकीच्या पिकअपला (इंधन उचलणाऱ्या तोंडाला) आणि सिलेक्टरला वर्तुळ येणारच. बाकीची पुसता येतात का ते पाहा.

प्रत्येक पंखात एक पंप आणि सिलेक्टरच नको, अशीही मांडणी दिसते. नळ्या कमी होतात, ओढण्याची बाजूही छान आखूड होते. पण डावा पंप मेला की डाव्या टाकीतलं इंधन फक्त ओझं. लांब उड्डाणाचा विचार असेल तर हे गणित मनाशी नीट मांडा.

पायरी ७: परत जाणारं इंधन

सर्व्होवाल्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये मात्र नियम सरळ आहे: ज्या टाकीतून घेतलं त्याच टाकीत परत. डाव्यातून ओढून उजव्यात परत सोडलं तर भरलेली उजवी टाकी व्हेंटमधून बाहेर वाहू लागते आणि डावी तुमच्या हिशेबाच्या कितीतरी आधी रिकामी होते. त्यासाठी दुहेरी सिलेक्टर मिळतात. एकाच मुठीने जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही वाटा एकत्र बदलतात. महाग असतात, तरी ते घ्याच. दोन वेगळे व्हॉल्व्ह लावून 'मी लक्षात ठेवीन' म्हणणाऱ्याने एखाद्या गडबडीच्या संध्याकाळी स्वतःला पाहावं.

परतीचं गरम, फेसाळलेलं इंधन टाकीत पिकअपच्या अगदी शेजारी सोडू नका. लांब सोडा, म्हणजे बुडबुडे बसायला आणि उष्णता पत्र्याला द्यायला वेळ मिळतो.

पायरी ८: वीज

प्रत्येक पंपाला स्वतःची वायर, स्वतःचा फ्यूज किंवा ब्रेकर, स्वतःचा स्विच आणि शक्य असेल तर वेगळा बस. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, पंपाला नाही. म्हणून आधी वायरची जाडी ठरवा, मग तिला साजेसा फ्यूज. तोही इतका आवळून निवडू नका की सुरुवातीच्या धक्क्याला उडेल. पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर क्रिंप, स्विच किंवा अर्थ कुठेतरी कच्चा आहे.

मोटारींत ऑइल प्रेशर गेलं किंवा धक्का बसला की पंप आपोआप बंद करणारे स्विच असतात. जमिनीवर ते शहाणपणाचं आहे. विमानात ऑइल गेलेलं इंजिनसुद्धा दोन मिनिटं चाललं तर शेत गाठून देतं. पंप बंद करायचा की नाही हे वैमानिकाने ठरवावं, स्विचने नाही.

आता बॅटरीचा हिशेब. एक पंप ६ अँपिअर, ईसीयू, इंजेक्टर आणि कॉइल मिळून समजा ७, रेडिओ आणि पडदे ४. एकूण १७. बॅटरी १७ अँपिअर-अवरची. वाचायला एक तास वाटतो. पण बॅटरीची क्षमता बहुधा हळू उतरवून मोजलेली असते. जास्त प्रवाहाला ती कमी भरते, जुनी झाली की आणखी कमी, आणि शेवटच्या काही मिनिटांत व्होल्टेज कोसळतं. मी निम्मं धरतो. अल्टरनेटरचा दिवा लागल्यापासून अर्ध्या तासात चाकं जमिनीला लागली पाहिजेत. हे मान्य नसेल तर दुसरी बॅटरी किंवा दुसरा अल्टरनेटर, आणि ते आत्ताच, पॅनल कापायच्या आधी.

पायरी ९: जोडताना

विमानातल्या एएन या प्रमाणित मापाच्या फिटिंगचा फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) ३७ अंशांचा, मोटारीच्या दुकानातल्या साधनाचा बहुधा ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांवर चढतात, आवळले जातात, आणि काही तासांनी गळतात. मोटारीसाठी बनलेल्या पंपाचे आटे एएन नसतील तर योग्य अ‍ॅडाप्टर घ्या, जबरदस्ती करू नका. टेफ्लॉनची टेप इंधनाच्या जोडांवर नको. तिचा एक धागा सुटला तरी इंजेक्टर बंद करतो. फायरवॉलच्या पुढच्या नळ्यांवर फायरस्लीव्ह हवीच. प्रेशर सेन्सर इंजिनावर थेट आट्यांनी लावू नका, कंपनाने त्याची मान मोडते. तो फायरवॉलवर ठेवा आणि बारीक छिद्राच्या फिटिंगमधून नळीने जोडा, म्हणजे ती नळी तुटली तरी इंधनाची फक्त धार येईल. कमी दाबाचा लाल दिवा डोळ्यासमोर असू द्या. गेजकडे टेकऑफच्या वेळी कुणी बघत नसतं. इथेनॉल मिसळलेलं इंधन वापरणार असाल तर पंपाचे आणि नळीचे सील त्याला चालतात हे लेखी पाहून घ्या.

पायरी १०: जमिनीवर परीक्षा

उघड्यावर, आगीचं नळकांडं हाताशी, विमान आणि कॅन दोन्ही एकमेकांना आणि जमिनीला अर्थ केलेले. शेपटी खाली, नाक वर. चढताना विमान जितकं तिरकं असेल त्याहून पाचेक अंश जास्त. टाकीत थोडंसंच इंधन, कारण परीक्षा रिकाम्या होत आलेल्या टाकीची घ्यायची आहे.

अल्टरनेटर बंद असतो तेव्हा पंप आपोआप १२ व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणजे वाईट परिस्थिती फुकटात मिळते. रेलला किंवा सर्व्होला जाणारी नळी काढून तिच्यावर गेज आणि एक व्हॉल्व्ह लावा. व्हॉल्व्ह दाबत दाबत गेज कामाच्या दाबावर आणा. इथेच बहुतेक जण चुकतात: नळी मोकळी सोडून कॅन भरतात आणि कॅटलॉगमधल्या ठळक आकड्यासारखाच फसवा आकडा मिळवतात. दाब स्थिर झाला की एक मिनिट कॅनमध्ये सोडा आणि मोजा. ७१ लिटर तासाला म्हणजे मिनिटाला जवळपास १.२ लिटर. प्रत्येक टाकीवर, प्रत्येक पंपावर, एकेक करून. मग टाकी संपेपर्यंत चालू ठेवा. दाब पहिल्यांदा हलला की लगेच पंप बंद, कोरडा चालवू नका. टाकीत उरलेलं मोजा, ते तुमचं न वापरता येणारं इंधन.

त्यानंतर गरम परीक्षा. दुपारी इंजिन चांगलं तापवा, बंद करा, वीस मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा आणि पाच मिनिटं आयडलवर दाब पाहत बसा. नंतर पूर्ण ताकद. काटा डगमगला तर चौथ्या पायरीकडे परत जा. तिथेच काहीतरी राहिलेलं असतं: पंप वर आहे, नळी एक्झॉस्टजवळून जाते, फिल्टर बारीक आहे.

या दोन्ही परीक्षांचे आकडे, त्या दिवसाचं तापमान, व्होल्टेज आणि इंधन कुठलं होतं हे लॉगबुकात लिहा. पंपाचा पार्ट नंबर आणि बसवल्याची तारीखही. शंभर तासांनी किंवा वार्षिक तपासणीत हीच परीक्षा पुन्हा घ्यायची. १.२ लिटरचा आकडा १.१ झाला असेल तर आधी फिल्टर बदला. फिल्टर बदलूनही तो वर आला नाही, तर पंप.